द्रावक-किण्वनातील ऐतिहासिक औद्योगिक जीवाणू आणि त्यांच्या जनुकसंचांचे वाचन

प्रस्तावना

एखादा कारखाना बंद पडला म्हणजे त्यातील यंत्रसामग्री विकली जाते, इमारती पाडल्या जातात आणि कागदपत्रे कालांतराने नष्ट होतात. किण्वनावर आधारलेल्या कारखान्याजवळ मात्र यांखेरीज आणखी एक संपत्ती असते, ती म्हणजे वर्षानुवर्षे निवडून व पारखून जपलेले जीवाणू. हे जीवाणू लहानशा काचनळीत, निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत बीजाणूंच्या स्वरूपात दशकानुदशके टिकू शकतात. नळीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर जीवाणूचे नाव व क्रमांक लिहिलेला असतो. परंतु त्या चिठ्ठीवरील नाव खरे आहे काय, हा प्रश्न बराच काळ कोणी गांभीर्याने विचारला नव्हता.

ॲसिटोन व ब्युटेनॉल ही द्रावके तयार करणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित निघाले. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या जीवाणूंच्या जनुकसंचांचे, म्हणजे त्यांच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुराचे, वाचन झाले. त्यातून जुन्या नावांतील गोंधळ निस्तरला, कारखान्यांना भेडसावणाऱ्या एका जुन्या समस्येचे कारण उलगडले आणि निरुपयोगी समजल्या गेलेल्या संग्रहातून नव्या उद्योगासाठी जनुके मिळाली. या घडामोडींची साखळी वाचकांसमोर ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखात 'वाण' हा शब्द एकाच जातीतील, परंतु स्वतंत्र वंशपरंपरेने जपलेल्या जीवाणू-समूहासाठी वापरला आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी

जीवाणूंच्या क्रियेतून ब्युटेनॉल तयार होते हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये नोंदविले होते. त्यानंतर १९०५ मध्ये शार्डिंगर यांनी किण्वनातून ॲसिटोन मिळत असल्याचे दाखविले. परंतु या निरीक्षणांना उद्योगाचे स्वरूप पहिल्या महायुद्धाने दिले. ब्रिटिश सैन्य व आरमार वापरीत असलेल्या कॉर्डाइट या धूरविरहित स्फोटकाच्या निर्मितीत ॲसिटोन हे द्रावक अत्यावश्यक होते. तोपर्यंत ते मुख्यतः लाकडाच्या शुष्क ऊर्ध्वपातनाने मिळविले जाई आणि युद्धकाळातील मागणी त्या मार्गाने पुरी होणे शक्य नव्हते.

मँचेस्टर विद्यापीठात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन, जे पुढे १९४९ मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, यांनी मक्यासारख्या धान्यातील स्टार्चपासून थेट ॲसिटोन व ब्युटेनॉल तयार करणारा जीवाणू वेगळा केला होता. त्यांच्या पद्धतीला १९१५ मध्ये ब्रिटिश पेटंट मिळाले. इंग्लंडमधील काही मद्यनिर्मितिगृहे या कामी वळविण्यात आली आणि डॉर्सेट परगण्यातील होल्टन हीथ येथील आरमारी कॉर्डाइट कारखान्यात किण्वनाची सोय उभी राहिली. जर्मन पाणबुड्यांमुळे मक्याची आयात धोक्यात आल्यावर १९१७ मध्ये शाळकरी मुलांकडून हॉर्स-चेस्टनटची फळे गोळा करविण्यात आली. याच काळात कॅनडातील टोरांटो येथे व त्यानंतर अमेरिकेतील टेर होट येथेही उत्पादन सुरू झाले.

युद्ध संपल्यावर ॲसिटोनची मागणी ओसरली, तरी उद्योग टिकून राहिला. युद्धकाळात जवळजवळ टाकाऊ ठरलेल्या ब्युटेनॉलला मोटारगाड्यांच्या लवकर वाळणाऱ्या रंगलेपांमुळे बाजारपेठ मिळाली. अमेरिकेत कमर्शियल सॉल्व्हंट्स कॉर्पोरेशन या कंपनीने हा उद्योग वाढविला. १९३० च्या दशकात धान्याऐवजी उसाच्या मळीचा वापर वाढला आणि मळीतील साखरेवर चांगले वाढणाऱ्या नव्या वाणांचा शोध सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खनिज तेलापासून तीच द्रावके स्वस्तात मिळू लागली व पाश्चात्त्य देशांतील बहुतेक किण्वन-कारखाने १९५० व १९६० च्या दशकांत बंद पडले. दक्षिण आफ्रिकेतील जर्मिस्टन येथील नॅशनल केमिकल प्रॉडक्ट्स या कंपनीचा कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालू होता. पुढील विवेचनात या कारखान्याच्या जीवाणू-संग्रहाला विशेष महत्त्व आहे.

किण्वनाचे स्वरूप व दोन जुन्या समस्या

हे जीवाणू क्लॉस्ट्रिडियम प्रजातीतील आहेत. प्राणवायू त्यांना घातक असतो. प्रतिकूल परिस्थितीत ते बीजाणू तयार करतात आणि हे बीजाणू उष्णता व कोरडेपणा सहन करतात. किण्वनाच्या पहिल्या टप्प्यात जीवाणू साखरेपासून ॲसेटिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. द्रवाची आम्लता वाढू लागली की ते आपला मार्ग बदलतात. आम्लांचा काही अंश पुन्हा आत घेतला जाऊन त्यांचे ॲसिटोन, ब्युटेनॉल व एथेनॉल यांत रूपांतर होते. वाइझमन पद्धतीत या तिघांचे वजनी प्रमाण साधारणपणे ३:६:१ असे पडते. एका लिटर द्रवात एकूण सुमारे २० ग्रॅम द्रावके जमली की ब्युटेनॉलच्या विषारी परिणामामुळे जीवाणूंची क्रिया थांबते.

कारखान्यांना दोन समस्या सतत त्रास देत. पहिली समस्या जीवाणुभक्षी विषाणूंची होती. टेर होट येथील कारखान्यात १९२३ मध्ये अशा संसर्गामुळे उत्पादनात मोठी घट झाली होती. यावर उपाय म्हणून विषाणूंना दाद न देणारे वाण निवडले जात, म्हणजे एका वाणापासून अनेक उपवाण तयार होत आणि त्यांना नवे क्रमांक दिले जात. दुसरी समस्या 'ऱ्हास' या नावाने ओळखली जाई. जीवाणू वारंवार ताज्या द्रवात वाढवीत राहिल्यास काही काळाने ते वाढतात, आम्लेही तयार करतात, पण द्रावके तयार करीत नाहीत. यावर वाइझमन यांच्या काळापासून एकच उपाय प्रचलित होता. संवर्ध थोडा वेळ तापवावयाचा, म्हणजे बीजाणू न बनविणाऱ्या पेशी मरतात, आणि उरलेल्या बीजाणूंपासून पुन्हा आरंभ करावयाचा. उपाय लागू पडे, परंतु तो का लागू पडतो हे कोणालाही सांगता येत नव्हते.

एक नाव, चार जाती

१९२६ मध्ये एलिझाबेथ मॅकॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइझमन प्रकारच्या जीवाणूचे क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या नावाने सविस्तर वर्णन केले. पुढील काळात कंपन्यांनी पेटंटांसाठी आपापल्या वाणांना लांबलचक नावे दिली, पण त्यांतील बहुतेक नावांना वर्गीकरणशास्त्राची रीतसर मान्यता नव्हती. परिणामी, ॲसिटोन व ब्युटेनॉल तयार करणारा बहुतेक प्रत्येक औद्योगिक वाण संग्रहालयांत क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम याच नावाखाली जमा झाला.

१९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर या किण्वनाकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले. या संशोधनात तीन वाण प्रामुख्याने वापरले जात होते. एटीसीसी ८२४ हा वाण १९२४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील बागेच्या मातीतून वेगळा केलेला होता. एनसीआयएमबी ८०५२ हा वाण ब्रिटिश संग्रहातील होता. पी २६२ हा जर्मिस्टन कारखान्यातील वाण असून त्यावर दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे सखोल काम झाले. तिन्ही वाणांवरील शोधनिबंधांत जीवाणूचे नाव एकच होते. साहजिकच एका वाणावरील निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडेनात, तेव्हा त्याचे कारण प्रयोगपद्धतीत शोधले गेले.

१९९० च्या दशकात डीएनएवर आधारलेल्या चाचण्यांनी, विशेषतः रायबोसोमच्या आरएनए-जनुकाच्या तुलनेने व डीएनए-ठशांच्या पद्धतीने, खरे कारण उघड केले. हे तीन वाण तीन वेगवेगळ्या जातींचे होते. केप टाउन येथे काम केलेले व पुढे न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात गेलेले डेव्हिड जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या औद्योगिक वाणांची अशी पद्धतशीर तपासणी केली. २००१ मध्ये सर्व औद्योगिक वाणांची चार जातींत विभागणी करण्यात आली : क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम, क्लॉस्ट्रिडियम बायजेरिंकाय, क्लॉस्ट्रिडियम सॅकॅरोब्युटिलिकम आणि क्लॉस्ट्रिडियम सॅकॅरोपरब्युटिलॲसिटोनिकम. यांपैकी शेवटच्या दोन जातींचे रीतसर वर्णन याच वेळी प्रथम झाले. एटीसीसी ८२४ पहिल्या जातीत राहिला, एनसीआयएमबी ८०५२ दुसरीत गेला आणि पी २६२ तिसरीत. चौथ्या जातीचा प्रातिनिधिक वाण जपानमधील असून 'पर' हा उपसर्ग त्याच्या ब्युटेनॉलच्या अधिक उत्पादनाचा निदर्शक आहे.

यात वाटते त्याहून मोठे अंतर आहे. उरलेल्या तीन जाती एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या आहेत, पण क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम त्यांच्यापासून दूरची शाखा आहे. म्हणजे ज्यांना एकाच जातीचे सदस्य मानून दोन दशके संशोधन झाले, ते केवळ दूरचे नातेवाईक होते.

पहिला जनुकसंच आणि ऱ्हासाचे कारण

डीएनएच्या रेणूत चार प्रकारच्या आधारकांची दीर्घ मालिका असते. त्यांचा क्रम ठरविणे म्हणजे अनुक्रमण. प्रत्यक्षात डीएनएचे असंख्य लहान तुकडे वाचले जातात आणि त्यांच्या टोकांवरील समान मजकुराच्या आधारे संगणकाने ते जोडून मूळ क्रम सिद्ध केला जातो.

एटीसीसी ८२४ या वाणाचा जनुकसंच २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या गुणसूत्रात आधारकांच्या सुमारे ३९.४ लाख जोड्या असून त्याखेरीज सुमारे १.९२ लाख जोड्यांचे एक मोठे वर्तुळाकार प्लाझ्मिड आहे. त्याला पीसोल-१ असे नाव आहे. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राहून वेगळा असलेला डीएनएचा भाग. आम्लांपासून ॲसिटोन व ब्युटेनॉल बनविण्यास लागणारी कळीची जनुके या प्लाझ्मिडवर आहेत.

येथे ऱ्हासाचे कोडे सुटते. पीसोल-१ गमावलेले वाण द्रावके तयार करीत नाहीत आणि बीजाणूही बनवीत नाहीत, हे १९९७ मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले होते. जनुकसंचाने त्या प्लाझ्मिडवरील संपूर्ण मजकूर समोर ठेवला. पोषक द्रवात सुखाने वाढणाऱ्या जीवाणूला हे प्लाझ्मिड जगण्यासाठी आवश्यक नसते. पिढ्यान्पिढ्या विभाजन होताना काही पेशी ते गमावतात आणि हळूहळू अशाच पेशींची संख्या वाढते. संवर्ध तापविल्यावर टिकतात ते बीजाणू, आणि बीजाणू बनविणाऱ्या पेशींत प्लाझ्मिड शाबूत असते. वाइझमन यांच्या काळातील अनुभवसिद्ध उपायामागील तर्क असा आठ दशकांनंतर स्पष्ट झाला. याशिवाय बीजाणू-निर्मितीचे नियंत्रण करणारे स्पो-शून्य-ए हे प्रथिन द्रावक-जनुकांनाही चालना देते, असे २००० मध्ये दिसून आले. त्यामुळे या दोन क्रियांमधील नाते अधिकच दृढ ठरते.

या जनुकसंचात आणखी एक गोष्ट आढळली. सेल्युलोजचे विघटन करणाऱ्या विकर-समूहाची जनुके त्यात आहेत, पण हा वाण स्फटिकी सेल्युलोजवर वाढू शकत नाही. जनुक असणे आणि त्याचे कार्य घडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे यावरून ध्यानात ठेवावयास हवे.

तुलनात्मक वाचन

एका वाणाचे वाचन पूर्ण झाले तरी ज्या वाणांनी मळीवर दशकानुदशके उत्पादन दिले, ते अद्याप न वाचलेलेच होते. पुढील वर्षांत ही उणीव भरून निघू लागली. एनसीआयएमबी ८०५२ याचा जनुकसंच सुमारे ६० लाख जोड्यांचा निघाला, म्हणजे एटीसीसी ८२४ च्या जवळजवळ दीडपट. जर्मिस्टनच्या संग्रहातील एनसीपी २६२ या वाणाचा सुमारे ५१ लाख जोड्यांचा जनुकसंच जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पूर्ण केला. जपानी वाणाचा जनुकसंच सुमारे ६५ लाख जोड्यांचा आहे. या तिन्ही जातींत द्रावक-जनुके मुख्य गुणसूत्रावरच आहेत. म्हणून प्लाझ्मिड गमावल्याने होणाऱ्या ऱ्हासाचे स्पष्टीकरण त्यांना लागू पडत नाही आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणे वेगळी शोधावी लागतात. एकाच नावाखाली केलेल्या संशोधनाने याच ठिकाणी दिशाभूल केली असती.

२०१७ मध्ये अशा जीवाणूंचा विस्तृत तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० वाणांचे जनुकसंच नव्याने वाचून, त्यांपैकी १० पूर्णपणे सिद्ध करून, आधी उपलब्ध असलेल्या १४ जनुकसंचांशी त्यांची तुलना करण्यात आली. सर्व वाण दोन मोठ्या गटांत विभागले गेले आणि काही वाणांची नावे चुकीची असल्याचे पुन्हा आढळले. त्याच वर्षी क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम या नावाने ओळखला जाणारा एनआरआरएल बी-५९८ हा वाण वस्तुतः क्लॉस्ट्रिडियम बायजेरिंकाय असल्याचे जनुकसंचावरून सिद्ध झाले. यावरून चिठ्ठीवरील नावाची पडताळणी एकदाच करून भागत नाही हे दिसते.

तुलनेचा दुसरा उपयोग मूळ वाण व सुधारित वाण यांच्यातील फरक शोधण्यासाठी होतो. चीनमधील ईए २०१८ हा वाण एकूण द्रावकांत सुमारे ७० टक्के ब्युटेनॉल देतो. हे प्रमाण नेहमीच्या ६० टक्क्यांहून अधिक आहे. २०११ मध्ये त्याचा जनुकसंच एटीसीसी ८२४ शी ताडून पाहण्यात आला व या गुणामागील संभाव्य फरकांची यादी हाती आली. पूर्वी असा वाण हजारो वसाहतींतून नशिबाने मिळे. तो कशामुळे वेगळा ठरला हे आता मजकूर वाचून तपासता येते.

जुन्या संग्रहाचा नवा उपयोग

या संशोधनाचा सर्वांत लक्षणीय परिणाम २०२२ मध्ये समोर आला. लँझाटेक ही कंपनी कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बनयुक्त वायूंवर क्लॉस्ट्रिडियम ऑटोएथॅनोजेनम हा जीवाणू वाढविते. हा जीवाणू स्वभावतः एथेनॉल व ॲसेटिक आम्ल बनवितो, ॲसिटोन बनवीत नाही. कंपनीच्या व सहकारी संस्थांच्या संशोधकांनी डेव्हिड जोन्स यांनी जपलेल्या ऐतिहासिक औद्योगिक संग्रहातील अडीचशेहून अधिक वाणांचे जनुकसंच वाचले, त्यांतून ॲसिटोन-निर्मितीची कार्यक्षम विकरे निवडली आणि त्यांची जनुके या वायुभक्षी जीवाणूत बसविली. पथदर्शी संयंत्रात ॲसिटोन व आयसोप्रोपॅनॉल यांचे सलग उत्पादन दर लिटरमागे ताशी सुमारे ३ ग्रॅमपर्यंत पोहोचले. लक्ष्य-पदार्थाची निवडकता सुमारे ९० टक्के होती. प्रक्रियेच्या जीवनचक्र-विश्लेषणानुसार वातावरणात जितका कार्बन सोडला जातो, त्याहून अधिक कार्बन या उत्पादनात बांधला जातो.

यातील वाटचाल लक्षात घेण्यासारखी आहे. मका व मळी यांवर वाढण्यासाठी निवडलेल्या वाणांची जनुके आता टाकाऊ वायूवर वाढणाऱ्या जीवाणूत काम करतात. ज्यांनी हे वाण निवडले व जपले, त्यांना अशा उपयोगाची कल्पनाही असणे शक्य नव्हते.

मर्यादा

जनुकसंच वाचल्याने उद्योग आपोआप यशस्वी होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. ग्रीन बायोलॉजिक्स या ब्रिटिश कंपनीने आधुनिक वाणांच्या साह्याने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲसिटोन व ब्युटेनॉलचे व्यापारी उत्पादन सुरू केले होते, पण तो कारखाना २०१९ मध्ये बंद करावा लागला. ब्युटेनॉलची विषाक्तता, विरल द्रवातून द्रावके वेगळी करण्याचा ऊर्जाखर्च आणि कच्च्या मालाची किंमत या अडचणी केवळ जनुकांच्या ज्ञानाने सुटणाऱ्या नाहीत. त्याचप्रमाणे जनुकसंच ही एका क्षणाची नोंद असते. अनेक उपसंवर्धनांनंतर प्रयोगशाळेतील वाण त्या नोंदीशी तंतोतंत जुळेलच असे नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जीवाणूचे नाव हे त्याच्या ओळखीचा पुरावा नसून तपासून पाहावयाचे एक विधान असते. एका चुकीच्या नावाने तीन खंडांतील संशोधकांचे काम दीर्घकाळ परस्परांशी जुळू दिले नाही. दुसरा, कारखान्यांतील अनुभवसिद्ध पद्धती अशास्त्रीय म्हणून बाजूला सारण्याजोग्या नसतात. संवर्ध तापविण्याच्या उपायामागे प्लाझ्मिडचे रक्षण दडलेले होते. तिसरा निष्कर्ष सर्वांत व्यावहारिक आहे. अनुक्रमणाची यंत्रे आज सुलभ झाली आहेत, परंतु वाचावयास मूळ वाणच शिल्लक नसेल तर ती निरुपयोगी ठरतात. जर्मिस्टनचा कारखाना बंद झाला तेव्हा त्याचा संग्रह टाकून दिला गेला असता, तर त्यातील जनुकांचे वाचन कधीच होऊ शकले नसते.

हा निष्कर्ष दूरदेशीच्या मोठ्या संस्थांपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही माती, आंबविलेले पदार्थ व सांडपाणी यांतून वेगळे केलेले जीवाणू विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी काही काळ जपले जातात आणि प्रकल्प संपताच फेकून दिले जातात. वेगळे केल्याचे ठिकाण, दिनांक, पोषक माध्यम व उपसंवर्धनांची संख्या एवढी नोंद ठेवून त्यांचे बीजाणू किंवा गोठविलेले नमुने राखणे फारसे खर्चिक नाही. कोणता नमुना पुढे उपयोगी पडेल हे आज सांगता येत नाही. म्हणूनच निवड पुढच्या पिढीवर सोडून जतनाचे काम आपण करणे श्रेयस्कर आहे.